किल्लारीनंतर चिली

चिलीतल्या कॉन्सेप्सिओनच्या विद्यापीठातून दोन वर्षांच्या संशोधनाचं पत्र आलं. आईने ते हातातही घेतलं नाही. एवढंच विचारलं, "तिथं भूकंप होतात म्हणे?"

आम्ही लातूरचे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. औशाकडचे आमचे दोघे नातेवाईक दगडमातीच्या भिंतीखाली गेले. पुढे कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपायचो. त्यामुळे चिलीची ओळख करून घ्यायला मी भूकंपापासूनच सुरुवात केली. इतर गोष्टी नंतर.

आजवर मोजलेला जगातला सर्वांत मोठा भूकंप चिलीचाच, १९६० साली वाल्दिव्हियाजवळचा, ९.५ तीव्रतेचा. मी जिथे जाणार होते त्या भागाला २७ फेब्रुवारी २०१०ला ८.८चा धक्का बसला. किल्लारीचा होता ६.२च्या आसपास. म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात चिलीचा हजारो पट मोठा. तरी किल्लारीत माणसं गेली दहा हजारांच्या घरात आणि चिलीत, त्सुनामीचे बळी धरून, सव्वापाचशेच्या आसपास. किल्लारीचा धक्का थेट गावांच्या पायाखालचा होता, हेही खरं. पण मोठा फरक भिंतींचा. १९२८चा ताल्काचा आणि १९३९चा चिय्यानचा भूकंप झाल्यावर तिथे बांधकामाचे नियम कडक होत गेले. हे मी आईला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. कॉन्सेप्सिओनमधली एक नवी पंधरा मजली इमारत २०१०मध्ये आडवी झाली आणि आठ जण गेले, हेही तिच्यापासून लपवलं नाही. अर्धवट सांगितलेलं तिला लगेच कळतं.

स्पॅनिश भाषेसाठी चिलीतल्याच वाल्पाराइसोच्या एका बाईंकडे चार महिने ऑनलाइन शिकवणी लावली. पहिल्याच आठवड्यात एक गंमत हाती लागली. "मला चहा आवडतो" हे इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये नेताना धडपडायला होतं, मराठीतून सरळ जाता येतं: "मे गुस्ता एल ते." सफरचंदं आवडत असतील तर "मे गुस्तान", जसं आपलं "आवडतात". क्रियापद चालतं ते वस्तूप्रमाणे. त, दसुद्धा आपल्यासारखेच दंत्य. मात्र चिलीची माणसं भराभर बोलतात, शब्दाच्या शेवटचा स गिळतात आणि वाक्याला "पो" जोडतात. "सी पो" म्हणजे आपलं "हो की". हे कानावर पडलं आणि मला फार धीर आला. बाईंनीच आणखी एक फरक शिकवला: "तेंब्लोर" म्हणजे नेहमीचा हादरा, "तेरेमोतो" म्हणजे घरं पाडणारा.

पोलिस दाखला, पदवीवर अपोस्टिल (म्हणजे ती परदेशात ग्राह्य धरावी यासाठीचा सरकारी शिक्का), व्हिसा यांत दिवस गेले, पण काही अडलं नाही. घर बघताना आधी नकाशावर समुद्रापासूनची उंची पाहिली. किनाऱ्यावर उभंही राहवणार नाही असा धक्का बसला, तर इशाऱ्याची वाट न बघता तीस मीटर उंचीच्या वर निघून जायचं, हा तिथल्या लोकांचा पाठ आहे. मीही तो पाठ केला.

बाहेरून येणाऱ्या शेतीमालाबाबत चिली फार कडक. आईने दिलेला येसरचा पुडा मी फॉर्मवर लिहून दाखवला. अधिकारी बाईंनी तो उघडून वास घेतला, पुन्हा घेतला आणि जाऊ दिलं.

पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी "ओन्से"ला बोलावलं. ओन्से म्हणजे संध्याकाळचा चहा, पाव आणि पाल्ता, म्हणजे आव्होकाडो. पावाला पाल्ता फासत असतानाच कपाटातले कप किणकिणले. माझी बोटं टेबलाच्या कडेवर आवळली गेली. काकूंनी एक हात उकळत्या किटलीवर धरला, दुसरा माझ्या मनगटावर ठेवला आणि छताकडे बघत राहिल्या. थांबल्यावर म्हणाल्या, "तेंब्लोर." आणि चहा ओतला.

रात्री आईला फोन केला.

"भिंतीला तडा गेला का?"

"नाही."

"नीट बघ, कोपऱ्यात."

दिवा लावून चारही कोपरे बघितले आणि तिला सांगितलं. मग ती झोपली.