क्रॅपी मासा गरवायला लांब रॉड घ्यायचाय? शिसं खिशात घालूनच दुकानात जा

लांबी १४ फूट, दोन तुकडे, मीडियम लाइट. एवढं सगळं रॉडवर छापतात. मग तो किती वजन पेलेल हे छापतानाच यांची शाई का संपते? साध्या स्पिनिंग रॉडवर इतक्या औंसांपासून इतक्या औंसांपर्यंत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. क्रॅपीच्या लांब ट्रोलिंग (चालत्या बोटीतून गरवायच्या) रॉडवर बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो, आणि मला हवी होती ती नेमकी तेवढीच माहिती.

आम्ही अमेरिकेत मेम्फिसला राहतो, त्यामुळे गरवायला खाली मिसिसिपी राज्यात सार्डिस नाहीतर एनिड तलावावर जातो. एनिडची ओळख क्रॅपीवाल्यांना करून द्यायला नको. पांढऱ्या क्रॅपीचा ५ पौंड ३ औंसांचा जागतिक विक्रम तिथलाच, १९५७ सालचा. पूर अडवायला बांधलेले हे तलाव चांगले ऐसपैस आहेत. एकदा वारा सुटला की आडोसा म्हणून नाही. बोटीच्या नाकावर रॉड अर्धगोलात लावून ताशी अर्धा-पाऊण मैलाने पुढे सरकायचं, ही इथली रीत. अशा वाऱ्यात हलकं जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) लावलं तर दोरी तिरपी होऊन मागे जाते. फिश फाइंडरवर मासे १२ फुटांवर दिसतात आणि आपलं आमिष भलत्याच वरून तरंगत जातं. पाऊण ते एक औंस, म्हणजे २१ ते २८ ग्रॅम शिसं लावलं की दोरी उभी राहते आणि खोलीचा हिशोब जुळतो.

पण मऊ टोकाच्या रॉडला एवढं शिसं लावलं की टोक आधीच पार वाकतं. त्याला आणखी खाली जायला जागा उरत नाही, वर लाटेबरोबर अख्खा रॉड डुलतो. चावा कुठला आणि लाट कुठली, काही कळत नाही. बरं, म्हणून काठीसारखा ताठ रॉड घ्यावा, तर क्रॅपीच्या तोंडाचा पडदा इतका पातळ की गळ फाडून मासा मोकळा. टोक मऊ आणि त्यामागचा भाग दमदार, असा मधला रॉड लागतो.

तो शोधायला एका मोठ्या दुकानात गेलो. रॉड होते, पण प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही तुकडे एकत्र बांधलेले. जोडून बघू का विचारलं, तर म्हणे विकत घेतल्यावर खुशाल जोडा. वजन किती पेलेल? “हेवी वेट्सना चालतो.” हेवी म्हणजे किती? “हेवी.” बरोबर आणलेलं शिसं मी काउंटरवर ठेवलं, तर माणूस ते हातात घेऊन बघेना. सगळे हाच नेतात, हे मात्र दोनदा सांगितलं. अहो, सगळ्यांच्या दोरीला काय लटकतंय ते मला काय माहीत! कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, परिस्थितीवर अवलंबून आहे. ऑनलाइन मागवायचा तर सात फुटी नळकांड्याचे वेगळे पैसे, आणि परत करायचा तर खर्च आपला. त्या दुकानात मी पुन्हा गेलो, मॅनेजरशी बोललो, पिशवीची गाठ काही सुटली नाही.

सुटली ती धरणाजवळच्या, जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) विकणाऱ्या छोट्या दुकानात. तिथल्या आजोबांनी काही न विचारता रॉड जोडून दिला. काउंटरच्या कडेला रॉड होल्डर स्क्रूने बसवलेलाच होता. त्यात रॉड आडवा लावला, दोरी ओवली, एक औंस लटकवला. टोकाकडचा दीड-दोन फूट वाकला, मागचा रॉड सरळ. मग शिशाखाली दोरी बोटाने हळूच ओढली, तर टोक आणखी वीतभर खाली गेलं. म्हणजे चावा दिसायला जागा शिल्लक. नंतर शिसं तळहातावर उचललं. टोक लगेच वर आलं, थरथरत बसलं नाही. ही शेवटची परीक्षा सोडू नका, कारण क्रॅपी पुष्कळदा खालून येऊन आमिष घेते आणि वर जाते. अशा वेळी टोक उठतं, हिसका बसत नाही. चार रॉड लावून बघितले, त्यातला एकच सगळ्यात पास झाला. बाकीचे त्याच मॉडेलचे घेतले.

लांबी १४ फूट ठेवली. १६ फुटी रॉड बोटीपासून लांब पोचतो खरा, पण एवढ्या वजनाला होल्डरवर फार ताण येतो आणि मासा जवळ घेताना तारांबळ उडते. वजन लटकलेलं असतानाच दोन तुकड्यांचा सांधा बोटांनी चाचपा, फट जाणवली तर सरळ नको म्हणा. रीलच्या मागे मूठ लांब हवी, नाहीतर होल्डरमध्ये रॉड धड बसत नाही. दोरी मी ८ ते १० पौंडी साधी मोनो (एकपदरी नायलॉन) वापरतो, वर-खाली दोन गळ आणि मध्ये शिसं.

आणि हो, किती रॉड घ्यायचे ते ठरवण्याआधी त्या तलावाचा नियम बघा. माणशी किती रॉड लावता येतात यावर इथे मर्यादा आहे, आणि ती पाण्यानुसार बदलते.