एका खोलीत किती चुली?

गिरणगावात माणसं किती, हे मोजायचं तर आधी कुटुंब कशाला म्हणायचं ते ठरवायला हवं. जनगणनेनं ते ठरवलेलं आहे: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींत ही व्याख्या पार दमते. खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर २०, तळमजला धरून इमारतीत ८०. भावाभावांत बिनसलं की मधे भिंत घालायला जागा कुठली! मग एकीचा गॅस खिडकीखाली, दुसरीचा मोरीच्या कडेला. पत्ता एक, भाडेपावती एक, आणि प्रगणकाच्या कागदावर कुटुंबं दोन.

गिरण्या चालू होत्या तेव्हा गावकीच्या खोलीत उलटा प्रकार. कोकणातल्या एका गावानं वर्गणी काढून चालवलेली खोली. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या ट्रंका, वर वळकट्या. पहिल्या पाळीचा गडी उठून गिरणीत गेला, की रातपाळी करून आलेला त्याच जागेवर आडवा. माणसं भरपूर आणि चूल एकही नाही! जेवण महिन्याच्या बोलीवर खाणावळीत. भाकऱ्या थापणारी बाई बहुधा शेजारच्याच चाळीतली, वाण्याच्या उधारीत रुतलेली. पैसे यायचे कामगाराचा पगार झाल्यावर. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

या गड्यांच्या बायका गावी शेती राखत. मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली हजार पुरुषांमागे ७७७ स्त्रिया होत्या, २०११ ला ८३२. आकडा सुधारला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी शेजारचा रकाना वाचावा: त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. एकट्या पुरुषांना इथं ओढून आणणारं कामच उरलं नाही, हेही त्या सुधारणेमागचं एक कारण असणार.

आता बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर. ते मिळतं भाडेपावतीवर, चुलीवर नव्हे. दोन चुलींच्या खोलीत खरी रस्सीखेच इथं सुरू होते. धाकटा म्हणतो, जनगणनेत आमचं कुटुंब वेगळं लागलंय, काढा ती नोंद. ती निघत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं त्या नोंदी गोपनीय आहेत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाहीत.