तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लेमिशला मान्यता का नाही?

सुट्टीत अमळनेरला गेलो की कुणीतरी विचारतंच, "बेल्जियमला राहतोस ना, मग फ्लेमिश शिकलास का?" मी म्हणतो, फ्लेमिश म्हणजे देशाच्या उत्तर भागातल्या, फ्लांडर्समधल्या, डचच्या बोली; तिथं कागदोपत्री डच चालते. लगेच पुढचा प्रश्न: "म्हणजे फ्लेमिशला सरकारी मान्यताच नाही? बिचारे!" विचारणारा बहुधा अहिराणी बोलणारा असतो, त्यामुळे त्या 'बिचारे'मध्ये थोडं घरचं दुखणंही असतं.

पण फ्लेमिश लोक बिचारे नाहीत. 'आमची भाषा डच' हे त्यांनी स्वतः भांडून लिहून घेतलंय. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला, तेव्हा कोर्ट, सैन्याचे अधिकारी, विद्यापीठं, सगळीकडे फ्रेंच होती. उत्तरेकडच्या शेतकऱ्याचं बोलणं म्हणजे गावंढळ. कायद्याचा डच मजकूर फ्रेंचच्या बरोबरीचा धरला जायला १८९८ उजाडलं, आणि गेंटचं विद्यापीठ पूर्ण डच व्हायला १९३०. या भांडणात बोली घेऊन उतरायचं की शेजारच्या नेदरलँड्सची प्रमाण भाषा उचलायची, यावर त्यांच्यातच जुंपली होती. ब्रूजचा कवी-पाद्री गीडो गेझेल बोलीच्या बाजूचा. वेस्ट फ्लेमिश शब्द वेचून तो 'लोकेला' नावाच्या नियतकालिकात छापायचा. पण समोर फ्रेंचसारखा पैलवान. त्याच्यापुढे चार जिल्ह्यांच्या चार बोली काय टिकणार? प्रमाण डच जिंकली. १९७३ साली फ्लेमिश सांस्कृतिक परिषदेने कायदाच केला की भाषेचं अधिकृत नाव 'डच', 'फ्लेमिश' नव्हे. १९८० साली नेदरलँड्सशी करार करून दोघांची सामाईक भाषा-संस्था उभी राहिली. आता त्यांना 'फ्लेमिश ही वेगळी भाषा' असा दर्जा देऊ केला, तर पुष्कळांना ती बढती वाटणार नाही.

शिवाय कुठली फ्लेमिश? अँटवर्पची बोली ब्राबांती, हासेल्टची लिम्बर्गी, गेंटची ईस्ट फ्लेमिश, आणि मी राहतो त्या कोर्त्रैकची वेस्ट फ्लेमिश. एकीला निवडलं की बाकीच्या रुसणार.

मात्र वेस्ट फ्लेमिश हे खरंच वेगळं प्रकरण आहे. मी गेंटला डचचे तीन वर्ग पास होऊन इथे कामाला आलो, आणि पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक वाक्य कळेल तर शपथ! इथे 'ग'चा 'ह' होतो आणि मूळचा 'ह' गायब होतो. डचमध्ये 'चांगलं' म्हणजे 'खूट'. इथे ते 'हूट' असं ऐकू येतं, आणि पुस्तकी डचमध्ये 'हूट' म्हणजे टोपी. त्याहून मजा म्हणजे इथे 'हो' हा शब्दही क्रियापदासारखा चालवतात. "येणार का?" असं मला विचारलं तर मी म्हणायचं 'योक', म्हणजे 'हो-मी'. "ती आली का?" याला उत्तर 'योस', 'हो-ती'. 'नाही'चंही तसंच. क्रियापदाचे प्रत्यय 'हो'ला लावणारी ही माणसं टीव्हीवर बोलू लागली की त्यांच्याच देशाची वाहिनी खाली डच अक्षरं दाखवते. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात वेस्ट फ्लेमिशची नोंद आहे. बेल्जियमच्या कुठल्याही कायद्यात मात्र नाही.

गंमत अशी की सीमेपलीकडे, डंकर्क-हाझब्रूकच्या बाजूला, हीच बोली बोलणारी थोडी म्हातारी माणसं उरली आहेत, आणि २०२१च्या डिसेंबरात फ्रान्सने शाळेत शिकवता येणाऱ्या प्रादेशिक भाषांच्या यादीत तिचं नाव घातलं. फ्रान्सने! नेदरलँड्सने १९९७ मध्ये लिम्बर्गीला मान्यता दिली. तीच लिम्बर्गी नदी ओलांडून फ्लांडर्समध्ये आली की नुसती बोली होते. प्रादेशिक भाषांच्या ज्या युरोपीय सनदेखाली लिम्बर्गीला ती मान्यता मिळाली, तिच्यावर बेल्जियमने सहीच केलेली नाही. ज्यांनी फ्रेंचकडून इतकं सोसलं, त्यांनी बोलीला इतकं घाबरावं याचं मला नवल वाटतं. पण कळतंही. एक वीट काढली तर भिंत कोसळेल, अशी ती भीती आहे.

माझं मत विचाराल, तर प्राप्तिकराचा फॉर्म वेस्ट फ्लेमिशमध्ये कुणालाच नकोय. शाळेत तिचा एखादा तास, कोशाला पैसा, एवढी मान्यता मात्र द्यायला हवी. इथे कुणीतरी कोकणीचं नाव काढतोच. कोकणीला १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा केलं, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली, आणि ते लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवलं. पण कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी. रोमी लिपीत लिहिणारे अजून दाराबाहेर. दर्जा मिळाला की घरात नवी उतरंड लागते. आणि आपली अहिराणी? जनगणनेत ती 'खानदेशी' या नावाखाली मराठीहून वेगळी मोजतात, तरी शाळेत 'माझं'ऐवजी 'मन्हं' म्हटलं म्हणून मी अंगठे धरून उभा राहिलोच.

खालच्या मजल्यावर पोपेरिंगच्या एक आजी राहतात. त्यांना एकदा विचारलं, तुमच्या बोलीला सरकारी मान्यता हवी असं वाटतं का? त्या हसल्या. "सरकारला ती कळते तरी का?" मग मी विचारलं, नातवाशी तुम्ही बोलता ना ती?

"योक," त्या म्हणाल्या, आणि दारातल्या नातवाला टीव्हीवरच्या डचमध्ये बूट काढायला सांगितलं.