शिवारावर पिवळा रंग चढू नये म्हणून

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांतली जाहीर सूचना. चुलत्यांनी गट नंबर ओळखला म्हणून कळलं, नाहीतर हरकतीची मुदत तशीच निघून गेली असती. प्रादेशिक योजनेत आमच्या ओढ्याकाठचे 11 गट शेती विभागातून काढून रहिवास विभागात घ्यायचे होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम 1966 मधलं, योजनेत बदल करण्याचं कलम 20. हरकतीला दिवस 30.

गावातले निम्मे म्हणाले, "दर वाढेल, चांगलंच आहे की." त्यांना मी दोष देत नाही. सोसायटीचं कर्ज थकलेल्या माणसाला गुंठ्याचा भाव ऐकून मोह होणारच. पण जमीन शेती विभागात आहे तोवर तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे बारीक तुकडे पाडून विकायला मनाई करणारा कायदा, आडवी येते. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठ्यांची किमान मर्यादा आहे. नकाशावर शेतीच्या हिरव्याचं रहिवासाचं पिवळं झालं की ते कुंपण गेलंच. एकराचे गुंठा-गुंठा प्लॉट पडतात, मधून रस्ता जातो आणि पाटाची चारी बुजते. वरच्यानं विकलं तर खालच्याचा ऊस वाळतो. मला छळत होतं ते हेच.

पहिली हरकत मी "काळी आई" वगैरे लिहून नगर रचना कार्यालयात नेली. तिथल्या कर्मचाऱ्यानं शांतपणे विचारलं, "गट नंबर कुठं आहेत? पुरावा काय जोडलाय?" त्या प्रश्नानं आमचं काम मार्गाला लागलं. प्रस्तावात जमीन पडीक म्हटली होती. आम्ही सगळे सातबारे काढले, तर चार गटांवर पिकाचा रकाना कोरा! ऊस उभा होता, पण ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर करायची पिकाची नोंद, कुणी केलीच नव्हती. मग पाणीपट्टीच्या पावत्या शोधल्या. काकूंनी त्या खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालेली, पण गट नंबर आणि साल वाचता येत होतं. त्यांना कारखान्याच्या वजनपावत्या जोडल्या. ग्रामसभेचा ठराव घेतला. प्रत्येक खातेदाराची हरकत वेगळी दिली आणि प्रत्येकीच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. एकाच अर्जावर शंभर सह्या घेऊ नका. ती एकच हरकत धरली जाण्याची भीती असते.

सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. चुलत्यांनी भाग नकाशावर चारीच्या रेषेवरून बोट फिरवत नेलं. "ही चालू आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं. आम्ही त्याच वर्षीची पावती पुढं केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि नस्तीला लावून घेतली.

अहवाल आता शासनाकडे आहे. निर्णय राजपत्रात येईल, म्हणून मी ते दर आठवड्याला बघतो. या खरिपात पुतण्या मोबाईल घेऊन बांधाबांधानं फिरला. 11 ही गटांची ई-पीक पाहणी झाली आहे.