आमची वाटचाल : शिवणयंत्रावरची कुत्री

माझं मूळ काम शिवणाचं. पुण्यात कसब्यात ब्लाउज, फॉल-पिको, गणपतीच्या दिवसांत नाटकांचे कपडे. धाकटी जाऊ जनावरांची डॉक्टर, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या कॅम्पवर जाणारी. नव्या डॉक्टरांचा हात बसवायचा कशावर, ही तिची कायमची रड. टाके केळ्याच्या सालीवरही शिकता येतात, पण पोटाच्या आतलं काय? शेवटी म्हणाली, "ताई, सरावासाठी तुम्हीच कुत्रीचं एक पोट शिवून द्या." तिथून सुरुवात.

कातडी सोपी गेली. जाळीच्या कापडावर सिलिकॉन ओतलं की टाका ओढला तरी फाटत नाही. खरी मेख बीजांडाची; नसबंदीत तेच बाहेर काढायचं असतं. कुत्रीचं बीजांड मूत्रपिंडाजवळ एका चिवट बंधाने धरलेलं असतं. तो बंध बोटाने ताणून सैल केल्याशिवाय ते वर येत नाही. जास्त ओढलं तर शेजारची रक्तवाहिनी फाटते. उजवं बीजांड आणखी पुढे, त्यामुळे जास्तच अवघड. हा ताण बोटाला जाणवला पाहिजे. रविवार पेठेतलं झाडून सगळं इलॅस्टिक आणून पाहिलं. काही तुटेचना, काही हात लावताच तुटे. अखेर होजिअरीची पट्टी सिलिकॉनमध्ये बुडवून, मधे बारीक चीर देऊन जमलं. रक्तवाहिनीच्या जागी नळी, तिला वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीतून लाल पाणी. गाठ सैल बसली की टेबल लाल!

"डोकं नाही, शेपूट नाही, हे कुत्रं कसलं?" असं गिऱ्हाईक अजून विचारतं. शेपटीला टाके घालायचे नसतात, त्यामुळे तिचे पैसे आम्ही लावत नाही. पोटाचं मॉडेल गिऱ्हाइकाने एकदाच घ्यायचं, आतला गर्भाशयाचा सेट दर वेळी नवा. धंदा चालतो तो त्या सेटवर. एका संस्थेचं बिल दोन मार्च एंड ओलांडून आलं. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ.

पुण्याच्या जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे शिरवळचं. मुंबईचं तर १८८६ पासूनचं. पण आमची जास्त विक्री खासगी दवाखान्यांत आणि नसबंदी करणाऱ्या संस्थांत. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही तेच सांगतात: कुत्रं पकडा, शस्त्रक्रिया करा, लस टोचा आणि त्याच भागात परत सोडा. म्हणजे हे काम संपणारं नाही.

सध्या गाईची डावी कूस, म्हणजे पोटाची डावी बाजू, करतोय; प्लास्टिक खाल्लेल्या गाईचं कोटीपोट, म्हणजे चारा साठतो तो पोटाचा मोठा कप्पा, तिथूनच उघडतात. कुशीच्या कातडीखाली स्नायूंचे तीन थर, प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला. उभा-आडवा धागा बघूनच कापड कापणाऱ्या बाईला ते वेगळं शिकवावं लागलं नाही. कातडी तेवढी अजून मनासारखी जाड झालेली नाही.