पावती आता कुठं लावायची?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. शाळेत मला गणित शिकवलेले सर दर मार्चमध्ये तिथं येतात. फाईलमध्ये पेन्शनची स्लिप, ठेवींच्या व्याजाचे कागद आणि सगळ्यात वर, टाचणी लावून वेगळी ठेवलेली, मुलींच्या एका वसतिगृहाची 20,000 रुपयांची पावती. वडिलांच्या तिथीला सर हे पैसे देतात. न चुकता, चेकनंच.

यंदा मी सांगितलं, "सर, तुम्हाला नवी करप्रणालीच फायद्याची आहे. 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. पण तिथं 80जी, म्हणजे देणगीवरची करवजावट, नाही."

"अगं, मग ही पावती कुठं लावायची?"

"कुठंच नाही, सर."

सरांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, म्हणून त्यांच्यासमोरच कागदावर हिशेब मांडला. वर्षाची पेन्शन 8,40,000. जुन्या पद्धतीनं 50,000 ची प्रमाणित, म्हणजे सरसकट मिळणारी, वजावट आणि बाकीच्या दीड लाखाच्या वजावटी गेल्या, की उरतात 6,40,000. वसतिगृहाला 80जीची निम्मी सवलत, म्हणजे 20,000 दिले तरी वजावट 10,000 ची. त्यावर 20 टक्के आणि 4 टक्के उपकर धरून देणगीमुळे वाचायचे 2,080 रुपये. तरीही कर बसायचा 37,440. आता तो पूर्ण गेला.

सरांनी चष्मा वर सरकवून बेरीज तपासली. "म्हणजे सरकारनं दोन हजार काढून घेतले आणि सदतीस हजार हातात ठेवले. मग तिथीला पंचवीस देतो."

सगळे सरांसारखा हिशेब करत नाहीत, आणि माझी काळजी तीच आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर, इंजिनियर, कारखान्यातले अधिकारी फोन करायचे, "मॅडम, अजून किती टाकू?" विमा, पीपीएफ झालं की मी देणगीचं नाव काढायची. करासाठी का होईना, हात सैल व्हायचा. वसतिगृहाच्या जूनमधल्या धान्याची तजवीज त्यातूनच व्हायची. नवी प्रणाली 2020 मध्ये आली तेव्हा ती ऐच्छिक होती. 2023-24 पासून काही निवडलं नाही तर तीच लागू होते. आता तो फोनच येत नाही.

जुन्या प्रणालीत राहिलेल्यांना मात्र कळकळीनं सांगते: 2,000 च्या वर रोख दिलं तर त्या रकमेवर एक रुपयाचीही वजावट नाही. तांदळाचं पोतं, वह्या, गाद्या, वस्तुरूपानं दिलेलं काहीच धरत नाहीत. संस्थेनं 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म 10बीडी भरून तुम्हाला 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्र दिलं पाहिजे. माझ्या एका अशिलानं 50,000 दिले, संस्थेनं तो फॉर्म भरलाच नाही, आणि हातात छापील पावती असून वजावट गेली. देताना पॅन द्या आणि जूनमध्ये 10बीई मागून घ्या. त्यात संकोच कसला?

धान्याची वजावट नाही हे वाक्य साताऱ्यात बसून लिहिताना मला बोचतं. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी कर्मवीरांनी घरोघरच्या मूठमूठ धान्यावर मुष्टिफंड उभा केला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं. माझे आजोबा अशाच बोर्डिंगात शिकले.

एका अशिलाचा मुलगा अमेरिकेत आहे. तिथंही 2018 पासून प्रमाणित वजावट जवळजवळ दुप्पट झाली आणि देणग्यांचा वेगळा तपशील दाखवणाऱ्यांची संख्या एकदम घटली. पण तिथं 2026 पासून तपशील न देणाऱ्या एकट्या करदात्यालाही 1,000 डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट ठेवली आहे, जोडप्याला 2,000. आपल्या नव्या प्रणालीत असं छोटं कलम का नसावं? 12 लाखांच्या आतल्यांना त्याचा उपयोग नाही, मान्य. पण मार्चमध्ये फोन करणारे बहुतेक त्याच्या वरचेच आहेत.

ते कलम येईल तेव्हा येवो. यंदा मीच फोन करायला घेतले आहेत. डायरीच्या पहिल्या पानावर वसतिगृहाचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लिहिलाय, खाली अकरा नावं. काल चौघांशी बोलले. तिघांनी पैसे पाठवले, चौथ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओपीडी संपली की करते, मला आठवण कर."

आठ वाजता पुन्हा फोन लावायचा आहे.