ऐन सीझनला शून्य

शेवंडाची पिल्लं मोजतो म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही डुबक्या मारून खडकात शोधत असणार, तसं काही नसतं हो. समुद्रात तरंगते कलेक्टर बांधून ठेवलेले असतात, त्यांच्या पॅनलवर नकली समुद्री गवताचे झुपके, बाहेरून आलेलं पिल्लू खरं गवत समजून त्यात घुसतं. येतात ती मुख्यतः अमावस्येच्या काळोखात म्हणून ती येऊन झाल्यावर, पौर्णिमेच्या आसपास आम्ही मोजायला जातो.

त्या दिवशी पहिला कलेक्टर काढून झटकला तर खाली शेवाळ, बारके खेकडे आणि वळवळणारं किडूकमिडूक, प्युरुलस, म्हणजे आम्ही मोजतो ते शेवंडाचं पिल्लू, एकही नाही. दुसरा तसाच, तिसराही. नवीन आलेला पोरगा म्हणतो "सर, अजून चार झटके देऊ?" म्हटलं नाही रे बाबा, ठरलेत तेवढेच, नाहीतर मागच्या वर्षांशी तुलना कशी करणार? झुपके झिजलेत का तेवढं बघितलं, झिजलेल्यावर पिल्लं कमी बसतात, पण ते ठणठणीत होते. मग काय, लिहिलं शून्य. शून्य लिहायला हात जड होतो हे खरंय पण तोही डेटाच.

शेवटच्या कलेक्टरात एक सापडलं! काचेसारखं आरपार, जेमतेम 3 सेंटीमीटर, ट्रेमध्ये आधी दिसले ते फक्त दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. अंगावर रंग चढला नव्हता म्हणजे नुकतंच आलेलं. कित्येक महिने चपटी फायलोसोमा अळी म्हणून भर समुद्रात वाहायचं, मग हे रूप घेऊन किनाऱ्याकडे पोहत यायचं आणि या अवस्थेत खाणं बंद, सगळा प्रवास साठवलेल्या चरबीवर!

बोटवाल्या काकांचा चेहरा उतरला. त्यांचे स्वतःचे शेवंड पकडायचे पिंजरे आहेत, त्यामुळे आमच्या आकड्याचा अर्थ त्यांना आमच्याआधी कळतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ही मोजणी 1968 पासून चालू आहे, तिथे आजच्या पिल्लांवरून साधारण 3-4 वर्षांनंतरच्या मासेमारीचा अंदाज बांधतात. 2008-09 ला पिल्लं फारच कमी आली तेव्हा तो फटका पिंजऱ्यात दिसायच्या आधीच तिथे मासेमारी कमी केली होती. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी नवीन पिंजरे घेऊ का नको?"

म्हटलं काका, एका महिन्यावरून नाही सांगता येत, कधीकधी पिल्लं उशिरा येतात. अख्ख्या सीझनची बेरीज होऊ दे, तोवर पैसे अडकवू नका.